सौदी फुटबॉल लीग बघायला लागतोयस? मग हे ऐक

रोनाल्डोपासून सुरुवात करू नकोस. करशीलच म्हणा, सगळे तेच करतात. २०२३-२४ मध्ये त्याने तब्बल ३५ गोल मारले, तरी त्याचा संघ अल नस्र दुसराच. विजेता अल हिलाल: ३४ सामने, ३१ विजय, ३ बरोबरी, हार शून्य. तेही नेमारशिवाय. तो ऑक्टोबरमध्येच ब्राझीलकडून खेळताना गुडघा फोडून बसला होता. ओझं वाहिलं ते मित्रोविच, नेवेस, सालेम अल दवसारी यांनी.

एकच सामना बघायचा तर १७ मे २०२४ ची रियाध डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या नस्र आणि हिलालची लढत बघ. पहिल्याच मिनिटात ओतावियोचा गोल, नस्र पुढे. मग हिलाल नुसतं धडका मारतंय. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, दहाव्या मिनिटाला पेनल्टी, मित्रोविच, १-१. अपराजित राहण्याचा विक्रम तिथे धाग्यावर लटकला होता.

आणि तळाकडेही लक्ष ठेव, दरवर्षी शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. त्या वर्षी अभा, अल ताई, अल हझम गेले. पैशाच्या बातम्यांत हे कुणी सांगत नाही.

गोव्यातल्या मित्रांना मात्र नस्रचं नाव काढू नकोस. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघ फातोर्ड्याच्या मैदानात खेळायला आला, रोनाल्डो आलाच नाही!