‘मग आम्ही तिला काही बोलायचंच नाही का?’

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो. कधी आई विचारते, कधी बाबा. मूल अंगाने भरायला लागलेलं असतं, घरात कुणाला तरी शुगर असते, आणि काळजीपोटी त्याच्या ताटावर, वजनावर बोलणं सुरू झालेलं असतं. त्या काळजीत खोट नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी आठवीतली, १३ वर्षांची. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि ती हूडीत हात ओढून बसली होती. आईची तक्रार चिडचिडीची होती. अभ्यास चांगला, पण बोललेलं खपत नाही. जेवणाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “डबा तर रोज रिकामा येतो.” मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की मागच्या आठवड्यात दप्तर झटकताना तळाशी वहीच्या कागदात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. एक नाही, चार. वाळून पापड झालेल्या.

“आणि मॅडम, स्वतः खात नाही, पण दिवसभर मोबाईलवर रेसिपीचेच व्हिडिओ. धाकट्या भावाला शिरा करून आग्रहाने भरवते, चमचासुद्धा चाटत नाही.”

हे ऐकलं आणि मी सावध झाले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं सावरायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ते तरुण चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि काही जण तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. उपाशी शरीर अन्नाशिवाय दुसरा विचार करू देत नाही. या मुलीचा स्वभाव बिघडला नव्हता. ती भुकेली होती.

सहावीच्या सुट्टीत तिचं अंग भरायला लागलं होतं. पाळी येण्याच्या आसपास मुलींच्या अंगावर चरबी वाढते. ती वाढीचा भाग आहे, पण आपल्याकडे हे आईलाही कुणी सांगत नाही. एका लग्नात मावशी म्हणाली, “काय गं, सुटलीस की!” घरी आजीने तोच शब्द उचलला. बाबा म्हणाले, “एक पोळी कमी घेत जा.” आणि तिने खरंच घेतली. जूनपासून सात किलो गेले. गणपतीत नातेवाईक म्हणाले, “किती छान बारीक झालीस!” त्या कौतुकाने जे झालं ते टोमण्यांनीही झालं नसतं.

मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. नाडी मंद होती, तीन महिने पाळी नव्हती. वजन मात्र वयाच्या मानाने ‘ठीक’ दिसत होतं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. डॉक्टरांनी तिची जुनी वजनं वाढीच्या तक्त्यावर मांडली, तेव्हा दरवर्षी वर चढणारी रेघ एकदम खाली घसरलेली दिसली. हाडकुळं दिसल्याशिवाय खाण्याचा आजार नसतो, हा समज फार नुकसान करतो. मुलग्यांच्या बाबतीत तर हा आजार आणखी उशिरा कळतो, कारण ‘कट्स’साठी, म्हणजे पिळदार स्नायू दिसावेत म्हणून, जेवण सोडणाऱ्या मुलाला सगळे व्यायामाची आवड म्हणतात.

आईला मी पहिल्यांदा एवढंच सांगितलं की हे तुमच्यामुळे झालेलं नाही. आनुवंशिकता, स्वभाव, वयात येणं, मैत्रिणी, मोबाईल, घर, सगळं त्यात मिसळतं. तेव्हा त्या रडल्या. डोळे पुसून त्यांनी तो प्रश्न विचारला.

बोला, पण वजनाबद्दल नको. त्याच मिनेसोटा विद्यापीठात डायॲन न्यूमार्क-स्टायनर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून हजारो किशोरवयीनांचा अभ्यास करत आहेत. डाएट करणाऱ्या मुलामुलींचं वजन पाच वर्षांनी जास्त असण्याची शक्यता अधिक आढळली. २०१३ मध्ये त्याच गटाने मांडलं की ज्या घरांत आईवडील मुलांच्या वजनाबद्दल बोलतात, तिथे उपाशी राहण्यासारखे घातक प्रकार जास्त दिसतात. नुसतं चांगल्या खाण्याबद्दल बोलणं चालतं तिथे ते कमी दिसतात. एकामुळेच दुसरं घडतं, असं या अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण माझ्या खोलीत मी जे पाहते ते याच्याशी जुळतं.

त्या घराने वजनकाटा माळ्यावर टाकला. बाबांचं पथ्य वेगळं न ठेवता कोशिंबीर, उसळ, जेवणानंतरचं फिरणं सगळ्यांचंच झालं. आईने आरशासमोर “मी किती जाडी झालेय” म्हणणं सोडलं. ते त्यांना सगळ्यात जड गेलं. रात्री टीव्ही बंद करून आई ताट वाढून मुलीच्या शेजारी बसायची. वरण-भात-तूप आणि एक पोळी, कधी पाऊण तास. ओरडा नाही, आर्जवं नाहीत, पण उठायचंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ सोबत होते. पाळी परत यायला पाच महिने लागले.

तुमच्या मुलात झपाट्याने उतरलेलं वजन, चक्कर, चुकलेली पाळी, सारखी थंडी, जेवल्याबरोबर बाथरूमकडे जाणं यातलं काही दिसत असेल, तर समुपदेशकाची वेळ मिळण्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही.

पुढच्या वर्षी गौरीजेवणाला तीच मावशी आली. मुलीकडे बघून तिने तोंड उघडलं, तोच आजी म्हणाली, “तिच्या अंगाचं राहू दे. पुरण कसं झालंय ते सांग.” हे मला मुलीनेच सांगितलं. पुरणपोळीचे तिने अजूनही अगदी बारीक तुकडे केले होते. पण संपवली होती, आणि तूप स्वतः मागून घेतलं होतं.