वाचकांचे प्रश्न : आखलेली खिडकी आणि हाताने लिहिलेला हिशेब

प्रश्न : मी कळमना बाजारातील एका अडत्याच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतो. संत्र्याच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) हाताने लिहिण्यात फार वेळ जातो, म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून पेढीच्या संगणकासाठी एक छोटा प्रोग्रॅम करायला घेतला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये क्यूटी या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचाचे एक्स्टेन्शन (जोडसाधन) बसवले, त्यातून उघडणाऱ्या डिझायनरमध्ये खिडकी आखली, तिच्यापासून पायथॉनची फाइल तयार केली आणि त्याच फाइलमध्ये बटणांमागचा सगळा हिशेब लिहिला. पुढे तोलाईचा एक रकाना वाढवण्यासाठी खिडकीत बदल करून फाइल पुन्हा तयार केली, तर माझा कोड पूर्ण पुसला गेला. अशी साधने वापरूच नयेत का? — एक वाचक, पारडी, नागपूर

उत्तर : साधन अवश्य वापरावे. आपला कोड गेला तो साधनाच्या दोषामुळे नव्हे, तर ज्या फाइलवर साधनाचा हक्क आहे त्या फाइलमध्ये तो लिहिला गेल्यामुळे. हे नीट समजण्यासाठी पडद्यामागे काय घडते ते क्रमाने पाहू.

एडिटरमधले एक्स्टेन्शन स्वतः खिडकी आखत नाही. ते क्यूटी डिझायनर हा वेगळा प्रोग्रॅम उघडून देते. डिझायनरमध्ये आपण बटणे, रकाने आणि तक्ते मांडतो, तेव्हा त्यांची नोंद डॉट युआय या नावाने संपणाऱ्या एका फाइलमध्ये होते. ही फाइल एक्सएमएल पद्धतीची असते. कोणती वस्तू कोणाच्या आत आहे, तिचे नाव काय, तिच्यावर कोणती अक्षरे आहेत, एवढेच तिच्यात असते. हिशेबाचे एक अक्षरही नसते. त्यानंतर युआयसी नावाचे साधन ही नोंद वाचून पायथॉनची फाइल तयार करते. ती फाइल उघडून अगदी वरच्या ओळी पाहाव्यात. खिडकीची फाइल पुन्हा कंपाइल केल्यास, म्हणजे तिच्यापासून कोड पुन्हा तयार केल्यास, येथे केलेले सर्व बदल नष्ट होतील, असा इशारा तेथे इंग्रजीत छापलेला असतो. युआयसी दर वेळी ती फाइल मुळापासून नव्याने लिहिते, जुन्या फाइलमध्ये कोणी काय भर घातली हे ते पाहतच नाही.

म्हणून कामाच्या तीन फायली कराव्यात. पहिली युआयसीने तयार केलेली. तिला हात लावायचा नाही. दुसरी आपण लिहिलेली खिडकीची फाइल. तिच्यात पहिल्या फाइलमधला क्लास (खिडकीचा साचा) आयात करायचा, खिडकी उभी करणारी सेटअप-युआय ही पद्धत बोलवायची आणि कोणते बटण दाबल्यावर काय व्हावे हे जोडायचे. तिसरी निव्वळ हिशेबाची. तिच्यात क्यूटीचा उल्लेखसुद्धा नसावा. डॉट युआय फाइल प्रोग्रॅम चालू होताना थेट वाचण्याचीही सोय आहे, परंतु मला तयार फाइल आयात करणे अधिक पसंत आहे, कारण मग वस्तूंची नावे टंकताना एडिटर ती सुचवतो आणि चुकलेले नाव लगेच लक्षात येते.

तिसरी फाइल वेगळी का, याचे उदाहरण आपल्या बाजारातच आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. त्या वेळी एखाद्या पेढीच्या प्रोग्रॅममध्ये अडतीचे गणित 'पट्टी छापा' या बटणामागे एकदा, 'पट्टी दुरुस्त करा' या बटणामागे पुन्हा आणि महिन्याच्या गोषवाऱ्यात तिसऱ्यांदा लिहिलेले असते, तर तिन्ही जागा शोधून बदलाव्या लागल्या असत्या आणि एखादी राहून गेली असती तर त्याचा फटका शेतकऱ्याला बसला असता. हिशेब एका फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या एकाच तुकड्यात, असला की बदल एकाच जागी करायचा असतो. शिवाय अशी फाइल खिडकी न उघडताही तपासता येते. गेल्या हंगामातील हाताने लिहिलेल्या काही पट्ट्या घ्याव्यात, त्यांतील वजन आणि दर फंक्शनला द्यावेत आणि उत्तर कागदाशी ताडून पाहावे. १८ क्विंटल ५० किलो माल आणि क्विंटलला ३,२५० रुपये दर असेल तर ६०,१२५ रुपये यायलाच हवेत. हमाली आणि तोलाई त्यानंतर वजा होईल.

पैशांबाबत एक सूचना आवर्जून करतो. डिझायनरमध्ये दशांश आकड्यांसाठी डबल स्पिनबॉक्स नावाचा रकाना मिळतो आणि तो फ्लोट प्रकारची, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारी, संख्या देतो. पायथॉनमध्ये फ्लोटने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर नेमके ०.३ येत नाही, अगदी शेवटच्या स्थानांत फरक पडतो. एका पट्टीत तो दिसणार नाही, पण शेकडो पट्ट्यांच्या बेरजेत पैशाचा मेळ बसेनासा होऊ शकतो आणि तो शोधताना जीव मेटाकुटीला येतो. रक्कम पूर्णांक पैशांत साठवावी किंवा दशांश आकडे अचूक ठेवणारा डेसिमल प्रकार वापरावा.

डिझायनर प्रत्येक बटणाला 'पुशबटन-३' अशा धर्तीची नावे देत जातो. ती जशीच्या तशी ठेवू नयेत. बटण ठेवल्याबरोबर उजवीकडच्या गुणधर्मांच्या यादीत ऑब्जेक्टनेम बदलून त्याच्या कामाचे नाव द्यावे. बटण आणि फंक्शन यांची जोडणीही स्वतः कनेक्ट लिहून करावी. ठरावीक पद्धतीचे नाव दिले की जोडणी आपोआप होते, अशी सोय क्यूटीत आहे, पण पुढे डिझायनरमध्ये बटणाचे नाव बदलले तर ती जोडणी तुटते आणि टर्मिनलमध्ये इशाऱ्याची एखादी ओळ उमटण्यापलीकडे काही होत नाही. स्वतः कनेक्ट लिहिलेले असेल तर प्रोग्रॅम त्याच ओळीवर चूक दाखवून थांबतो आणि दुरुस्ती सोपी होते.

पुढेमागे हा प्रोग्रॅम इतर पेढ्यांना विकण्याचा विचार असेल, तर पायथॉनमध्ये क्यूटी वापरण्याच्या दोन जोडण्यांपैकी पायसाइड निवडावी. ती एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली मिळते आणि त्याच्या अटी पाळून आपला कोड खुला न करताही प्रोग्रॅम विकता येतो. दुसरी जोडणी, पायक्यूटी, जीपीएल या अधिक कडक खुल्या परवान्याखाली आहे, त्यामुळे मूळ कोड खुला न करता प्रोग्रॅम द्यायचा असल्यास तिचा सशुल्क परवाना घ्यावा लागतो.

प्रश्न : आमच्या वस्तीतील वाचनालयासाठी सभासद-नोंदणीचा प्रोग्रॅम याच पद्धतीने केला आहे. खिडकीतील मराठी अक्षरांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. 'गोऱ्हे' आडनाव टंकून शोधले तर काही सभासद सापडतात, काही सापडत नाहीत, यादीत मात्र सर्वांची नावे सारखीच दिसतात. शिवाय वाचनालयातील विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. — एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : वेलांट्या कापल्या जातात, याचा अर्थ रकान्यांची उंची बहुधा हाताने ठरवलेली आहे. डिझायनरमध्ये वस्तू नुसती ओढून ठेवली की तिची जागा आणि आकार पक्के होतात. इंग्रजी अक्षरांना ती उंची पुरते. देवनागरीत मात्र वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, असा दोन्हीकडे विस्तार असतो. प्रत्येक खिडकीला लेआउट (वस्तूंची जागा आणि आकार आपोआप ठरवणारी मांडणी) लावावा, म्हणजे अक्षरांना लागणारी उंची क्यूटी स्वतः मोजून देईल. नाव-पत्ता यांसारख्या रकान्यांसाठी फॉर्म लेआउट उत्तम. त्यानंतर कंट्रोल-आर दाबून खिडकीचा नमुना पाहावा आणि चाचणीसाठी 'मूर्ती' हा शब्द टंकावा. त्यात खाली दीर्घ उकार आणि वर वेलांटी व रफार असे सर्व काही असल्याने तो पूर्ण दिसला तर बाकीचे शब्दही दिसतील.

आडनावाचा प्रश्न अधिक खोलातला आहे आणि मराठीत प्रोग्रॅम करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेण्यासारखा आहे. 'ऱ्ह' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे टंकले जाते. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ, म्हणजे क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि ह. दुसऱ्या प्रकारात साधा र, म्हणजे क्रमांक ०९३०, त्यापुढे हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह आणि शेवटी ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे उमटतात, पण डेटाबेस शोध घेताना क्रमांक जुळवतो, आकार पाहत नाही. निरनिराळ्या कार्यकर्त्यांनी निरनिराळ्या कीबोर्डवर नावे भरली असतील, तर वाचनालयाच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळलेले असणार. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यासाठी स्वतःच एक लहान फंक्शन लिहून दुसऱ्या प्रकारचे पहिल्यात रूपांतर करावे. नाव साठवताना आणि शोधाचा शब्द घेताना, दोन्ही वेळी ते फंक्शन वापरावे, आणि जुन्या नोंदींवरून ते एकदा फिरवावे. कळमन्याच्या वाचकांना हिशेबाबद्दल जे सांगितले तेच येथेही लागू आहे : हे फंक्शन कोणत्याही खिडकीच्या फाइलमध्ये ठेवू नये.

विंडोज ७ वर क्यूटी ६ चालत नाही, तिला किमान विंडोज १० लागते. पायथॉनच्याही ३.८ नंतरच्या आवृत्त्या तेथे चालत नाहीत. पायथॉन ३.८ आणि क्यूटी ५.१५ घेऊन प्रोग्रॅम पुन्हा बांधता येईल, परंतु माझा सल्ला तो नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला आहे आणि सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक अशा संगणकावर ठेवणे योग्य नव्हे. संगणक बदलणे शक्य नसेल तर त्यावर एखादी हलकी लिनक्स बसवावी. मात्र पायथॉनचा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालवता येईल असा बांधणारा पायइन्स्टॉलर ज्या प्रणालीवर चालवू त्याच प्रणालीसाठी प्रोग्रॅम बांधतो, म्हणून लिनक्ससाठीची बांधणी लिनक्सवरच करावी लागेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. जावा भाषेतील स्विंग या खिडक्यांच्या संचावरील प्रकल्पासाठी एक्लिप्स या एडिटरमधील विंडोबिल्डर हे प्लगइन (जोडसाधन) वापरावे असे मला वाटते, पण आमच्या मॅडम खिडक्या हाताने लिहायला सांगतात. वरच्यासारखा कोड पुसला जाण्याचा धोका तेथेही आहे का? — एक वाचक, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : तसा धोका तेथे कमी आहे. विंडोबिल्डर वेगळी आराखड्याची फाइल ठेवत नाही. आपला जावा कोडच वाचून खिडकी दाखवतो आणि ओढाओढी केली की त्याच कोडमध्ये बदल करतो. नेटबीन्स या जावाच्या दुसऱ्या एडिटरची रीत निराळी आहे : तेथे डॉट फॉर्म नावाची फाइल असते आणि तिच्यापासून तयार झालेला कोड एडिटरमध्ये रंगीत पट्ट्यात बंद असतो, त्यात टंकताच येत नाही.

तरीही आपल्या मॅडमचे म्हणणे मी उचलून धरीन, निदान पहिल्या खिडक्यांपुरते. खिडकी मोठी केल्यावर कोणता रकाना ताणला जावा आणि कोणता जागीच राहावा, हे स्विंगमधील बॉर्डरलेआउट आणि ग्रिडबॅगलेआउट या मांडण्या स्वतः लिहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, आणि ते कळले नसेल तर प्लगइनने लिहिलेला कोड वाचताही येत नाही. एक खिडकी हाताने पूर्ण करावी, मग तीच फाइल विंडोबिल्डर एडिटरने उघडून डिझाइन टॅबमध्ये एक बटण ओढून ठेवावे आणि सोर्स टॅबमध्ये कोणत्या ओळी वाढल्या ते पाहावे. त्यातली प्रत्येक ओळ समजली की प्रकल्पाच्या उरलेल्या खिडक्या खुशाल आखून घ्याव्यात.