सँडफर्डमध्ये खुनांची नोंद ‘अपघात’ अशी का होते?

प्रश्न : एडगर राइट यांचा ‘हॉट फझ’ (२००७) हा विनोदी चित्रपट पाहिला. त्यातल्या सँडफर्ड गावात निकोलस एंजल हा पोलीस अधिकारी जमिनीचे व्यवहार आणि बाह्यवळण रस्ता यांचा धागा जोडून खुनांची जी उकल मांडतो, ती पटली होती. प्रत्यक्षात कारणे इतकी किरकोळ निघाली की विरस झाला. शेवट फसला आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी हे उत्तर नंतर वाचावे, रहस्य उघड केल्याशिवाय ते देता येणार नाही.

शेवट फसलेला नाही. कारणांच्या किरकोळपणातच या चित्रपटाचे बळ आहे, असे मला मनापासून वाटते. एंजलची उकल आपल्याला पटते, कारण पैशासाठी आणि जमिनीसाठी खून होतात हे आपण गृहीत धरलेले असते. खून करणाऱ्या सँडफर्डच्या प्रतिष्ठितांना मात्र हवा असतो तो ‘सर्वोत्तम गाव’ हा किताब. म्हणून एकाचा जीव जातो तो नाटकात वाईट काम केल्यामुळे, दुसऱ्याचा जातो तो डोळ्यांना खुपणारे घर बांधल्यामुळे. आणि फुलांचे दुकान चालवणारी लेस्ली टिलर गाव सोडून निघालेली असते, तिच्या हातची बाग दुसऱ्या गावाला मिळू नये म्हणून तिला संपवले जाते.

‘अपघात’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. लंडनहून आलेला एंजल बजावतो की वाहनांच्या बाबतीत ‘अपघात’ म्हणू नये, ‘टक्कर’ म्हणावे. अपघात म्हटले की दोष कोणाचाच उरत नाही. त्या वेळी हा नियमांचा हट्ट वाटतो आणि आपण हसतो. पुढे बागेची कात्री मानेत घुसून लेस्ली मरते आणि ती अडखळून स्वतःच्याच कात्रीवर पडली असे ठाण्यातले सहकारी ठरवून टाकतात, तेव्हा तो हट्ट किती योग्य होता हे कळते.

या खुन्यांमध्येच असलेले ठाण्याचे प्रमुख फ्रँक बटरमन (जिम ब्रॉडबेंट) तर सर्वांत प्रेमळ गृहस्थ. किताब हुकल्याच्या धक्क्याने त्यांच्या पत्नीने जीव दिला होता, हे समजल्यावर निदान माझे तरी हसू थांबले.

चित्रपट पुन्हा पाहावा आणि सुपरमार्केटचा व्यवस्थापक स्किनर (टिमथी डाल्टन) एंजलला प्रथम भेटतो तो प्रसंग नीट ऐकावा. मला अटक करा, मी कापाकापी करणारा आहे, असे तो हसत सांगतो आणि क्षणभर थांबून, किमतींची, अशी पुस्ती जोडतो.