खो नको वाटतो तेव्हा

प्रश्न : बाई, मी अठरा वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलींना खो-खो शिकवतो. हल्ली पहाटे साडेपाचचा गजर झाला की पोटात गोळा येतो. मैदानावर पाच मिनिटांत आवाज चढतो. चांगल्या खेळणाऱ्या दोघींनी ‘अभ्यास आहे’ म्हणून येणं सोडलं. एकीची आई म्हणाली, “अभ्यास कसला सर, तुमची भीती वाटते तिला.” मी कडक आहे, पण दुष्ट नाही. चुकतंय कुठे?
– एक क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, त्या आईनं हे तोंडावर सांगितलं, याचं मला बरं वाटलं. माझ्या वेळी कुणी सांगितलं नाही. मला ते एसटीत चोरून ऐकावं लागलं.

माझ्या संघात एक मुलगी होती. खांबाजवळ तिच्यासारखा सूर कुणी मारत नव्हतं. एका मोसमात खो मिळाला तरी ती उठायला किंचित उशीर करू लागली. “झोपलीस का?” म्हणून मी रोज ओरडायचे. सामना हरून परतताना मी डोळे मिटून बसले होते. मागच्या सीटवर ती मैत्रिणीला म्हणाली, “पाटीवर बसले ना, की मनात एकच असतं, मला खो मिळू नये.”

राडेके आणि स्मिथ या अभ्यासकांनी २००१ मध्ये खेळाडूंचं हे करपून जाणं मोजायला प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी पाहतात : शरीर-मन थकणं, आपल्याला काही जमत नाही असं वाटणं आणि खेळाचंच काही न वाटणं. माझ्या संघातल्या त्या मुलीचं तिसरं झालं होतं. मी त्याला आळस समजले. तुमचा पोटातला गोळा त्याच घरातला, सर. सगळे निर्णय एकट्यानं घेणारा प्रशिक्षक आधी स्वतः थकतो, थकला की ओरडतो, मुली गप्प होतात आणि मग निर्णय आणखीच त्याच्या गळ्यात पडतात.

म्हणून ‘उद्यापासून ओरडणार नाही’ असा पण करू नका. टिकत नाही, मी चारदा केलाय. त्यापेक्षा ओझं उतरवा. बचावाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात ना, त्या कर्णधाराला ठरवू द्या. मी वही हातात दिली तेव्हा तिनं सगळ्यांत कच्ची मुलगी पहिल्या तुकडीत घातली. मी जीभ दाताखाली धरून बसले. गडी पटापट गेले. दुसऱ्या डावात तिनं स्वतःच तुकडी बदलली, मला न विचारता.

कडकपणा सगळा टाकू नका. सूर मारायला माती भुसभुशीत आहे का, गुडघा सुजलेली मुलगी खेळवायची का, हे तुमच्याच हातात हवं. मूळचे भारतीय असलेले क्रीडा-अभ्यासक चेल्लादुराई यांचं म्हणणंच असं, की प्रशिक्षकाची वागणूक प्रसंगाला आणि खेळाडूंना काय हवंय त्याला जुळायला हवी. नवख्या पोरींना सूचना लागतात. दहावीतल्यांना ‘तुला काय वाटतं?’ हे लागतं.

आठवड्यातला एक सराव बंद करा, त्या दिवशी गजरच लावू नका. झोप उडाली असेल किंवा काहीच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं.

आणि त्या दोघींना इतक्यात बोलावू नका. आधी त्या आईकडे जाऊन या, शिट्टी घरी ठेवून.