बिंदूला लांबी नाही, मग रेषाखंडाला ती कोठून येते?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. 'बिंदूला लांबी, रुंदी व जाडी नसते' आणि 'रेषा असंख्य बिंदूंची बनलेली असते' ही दोन्ही वाक्ये तिला पाठ आहेत. परंतु लांबी नसलेल्या बिंदूंपासून लांबी असलेला रेषाखंड कसा तयार होतो, हे तिला उमगत नाही आणि मलाही ते समजावून देता आले नाही. बिंदूची नेमकी व्याख्या काय, हेही कृपया सांगावे.
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या मुलीची शंका भूमितीच्या मुळाला हात घालणारी आहे. 'मोठी झालीस की कळेल' असे सांगून ती टाळू नये.

प्रथम व्याख्येविषयी. इ.स.पू. 300 च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या आरंभी 'ज्याला भाग नाहीत तो बिंदू' आणि 'रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा' असे लिहिले. वाचायला ही वाक्ये सुंदर आहेत, पण 'भाग' म्हणजे काय, 'रुंदी' म्हणजे काय, हे पुन्हा विचारता येतेच, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगत गेलो तर या साखळीला कोठेतरी थांबावे लागते. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी 1899 मध्ये ही अडचण सरळ मान्य केली : बिंदू, रेषा आणि प्रतल (म्हणजे सर्व बाजूंना अमर्याद पसरलेला सपाट पृष्ठभाग) यांची व्याख्या करायचीच नाही, त्यांचे परस्परांशी असलेले संबंध तेवढे गृहीतकांत, म्हणजे सिद्धतेशिवाय मान्य केलेल्या विधानांत, नेमकेपणाने सांगायचे. 'दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते' हे असेच एक गृहीतक आहे. म्हणून बिंदू म्हणजे काय, असे मुलीने विचारल्यास त्याची व्याख्या करत नाहीत हे तिला मोकळेपणाने सांगावे, आणि दोन बिंदू दिले की काय निश्चित होते, तीन दिले की काय होते, याकडे तिचे लक्ष वळवावे. माझ्या मते भूमितीचे शिक्षण तेथूनच सुरू होते.

कागदावरचा ठिपका मात्र बिंदू नव्हे, बिंदूची खूण आहे. कर्नाटकाच्या नकाशावर बेळगाव एका ठिपक्याने दाखवतात आणि त्या नकाशापुरते ते पुरेसे असते. शहराच्या नकाशात त्याच बेळगावात किल्ला, टिळकवाडी, शहापूर असे वेगवेगळे भाग दिसू लागतात. टोकदार पेन्सिलीने काढलेला ठिपकाही भिंगाखाली असाच पसरट दिसतो. भूमितीतला बिंदू कितीही मोठा करून पाहिला, तरी त्यात भाग सापडत नाहीत.

आता लांबीविषयी. मणी ओवून माळ व्हावी तसे बिंदू एकाशेजारी एक ठेवून रेषाखंड होत असावा, ही कल्पनाच गोंधळाचे कारण आहे. रेषेवर कोणत्याही बिंदूला 'लगतचा' बिंदू नसतो. कोणतेही दोन भिन्न बिंदू घ्या, त्यांच्या दरम्यान आणखी एक बिंदू असतोच. म्हणून रेषाखंडाची लांबी बिंदू मोजून मिळत नाही. त्याच्या दोन अंत्यबिंदूंमधील अंतर म्हणजे त्याची लांबी.

हे मुलीला वहीतच दाखवता येईल. तिला कखग हा त्रिकोण काढू द्या. कख आणि कग या बाजूंचे मध्यबिंदू जोडल्यावर जो रेषाखंड मिळतो, तो खग या पायाच्या बरोबर निम्मा भरतो, हे पट्टीने मोजून तिने पाहावे. मग पायावर कोठेही एक बिंदू घेऊन तो क या शिरोबिंदूशी जोडावा. जोडणारी रेघ मधल्या रेषाखंडाला एका आणि एकाच बिंदूत छेदते. पायावर दुसरा बिंदू घेतला की छेदनबिंदूही दुसरा मिळतो, आणि मधल्या रेषाखंडावरील कोणत्याही बिंदूतून क पासून रेघ पुढे वाढवली की ती पायावर एका बिंदूत पोहोचते. अशा रीतीने दोन्ही रेषाखंडांतील बिंदूंची एकास एक जोडी लागते, कोणीही उरत नाही. तरीही एकाची लांबी दुसऱ्याच्या दुप्पट असते. लांबी जर बिंदूंच्या संख्येवर ठरत असती, तर असे घडू शकले नसते.

प्रश्न : रेषा, किरण आणि रेषाखंड यांत मुले सतत गल्लत करतात. लक्षात ठेवण्याची सोपी खूण आहे का?
— एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : अंत्यबिंदू मोजायला लावावेत : रेषाखंडाला दोन, किरणाला एक (त्याला आरंभबिंदू म्हणतात), रेषेला एकही नाही. लांबी केवळ रेषाखंडाचीच मोजता येते. शिवाय रेख कख (म्हणजे कख हा रेषाखंड) आणि रेख खक एकच असले, तरी किरण कख आणि किरण खक वेगळे असतात, कारण त्यांचे आरंभबिंदू वेगळे आहेत. मुलांचे गुण जातात ते बहुधा येथेच.

प्रश्न : तीन बिंदू नेहमी एकप्रतलीय असतात, पण चार असतीलच असे नाही, हे कसे?
— नववीचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. चौथा बिंदू त्या प्रतलात असेल किंवा त्याच्या वर-खालीही असेल. जमीन मोजणाऱ्याच्या दुर्बिणीला तीनच पाय असतात, त्याचे कारण हेच : उंचसखल शेतातही तिन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकतात आणि ती डुगडुगत नाही.

'एका रेषेत नसलेल्या' ही अट मात्र कधीही गाळू नये. तिन्ही बिंदू एकरेषीय असतील, तर त्यांतून असंख्य प्रतले जातात. दाराच्या बिजागऱ्या दोनऐवजी तीन लावल्या तरी त्या एकाच उभ्या रेषेत असल्यामुळे दार फिरतच राहते. कडी त्या रेषेबाहेर असते, म्हणून ती लावली की दाराचे प्रतल निश्चित होते.