नक्षी नंतर, आधी मेंदी भिजव

अगं, अरबी की मारवाडी ते नंतर ठरव. आधी मेंदी नीट भिजवायला शीक. बाजारचे तयार कोन तर नकोच. राजस्थानातल्या सोजतची मेंदी पावडर बारीक कापडातून गाळ, लिंबाचा रस, थोडी साखर, नीलगिरी तेलाचे थेंब (लहान मुलींसाठी लॅव्हेंडर) घाल आणि 8-12 तास झाकून ठेव. वरचा थर तपकिरी झाला की रंग सुटला. उरलेले कोन फ्रीझरमध्ये.

सराव काचेवर कर. टोक टेकवू नकोस, किंचित वर धरून दोरा सोडल्यासारखी ओळ पडू दे.

मेंदी काढल्यावर केशरीच दिसते, 48 तासांत गडद होते. हे गिऱ्हाईकाला आधीच सांग, नाहीतर फोन येतातच! ‘काळी मेंदी’ मागितली तर सरळ नाही म्हण. त्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं, कातडीवर फोड येतात.

आता मेंदी सोडून कागदावरच्या रंगीत पेन्सिलीच्या चित्रांचं. तिथे दाब कमी, थर जास्त. गडद रंगावर पांढरी पेन्सिल नीट चढत नाही. म्हणून चित्रातल्या साडीच्या काठाची बारीक वेलबुट्टी संपलेल्या बॉलपेनने आधी पांढऱ्या कागदावर दाबून कोर, मग पेन्सिल आडवी धरून वरून फिरव. कोरलेल्या रेषा पांढऱ्याच राहतात.