सुतकाच्या घरी पंचवीस माणसांचं जेवण: काय न्यावं, किती न्यावं

तुमचा प्रश्न असा: पंचवटीत शेजारच्या घरी आजोबा गेलेत, गावाकडून पंचवीसेक माणसं आली आहेत, उद्या रात्रीचं जेवण तुमच्याकडून जायचंय आणि पोळी-भाजी, वरण-भाताचा बेत ठरतोय.

ताई, पोळ्या नकोत. सुतकाच्या घरात पंगत बसत नाही. मधेच कोणी भेटायला येतं, कोणी जागचं उठत नाही, आठचं जेवण साडेअकरापर्यंत चालतं. तोवर पोळ्या चामट होतात. तीन-साडेतीन तास थांबू शकेल असंच न्या: मऊ खिचडी, गिलक्याची (घोसाळ्याची) भाजी, टोमॅटोचं सार.

आधी त्यांच्या थोरल्या काकूंना नाहीतर जावेला विचारा, फोडणी चालते का, हळद, कांदा-लसूण चालतं का. घरोघरी पद्धत वेगळी असते. ज्यांच्यावर प्रसंग आलाय त्यांना हे विचारू नका.

खिचडीला इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी तांदूळ सव्वा किलो आणि मुगाची डाळ 600 ग्रॅम. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी साधारण 8 लिटर. तांदूळ नवा असेल तर लिटरभर कमी. कुकरच्या नादी लागू नका. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरता येत नाही आणि दोन-तीन घाणे काढावे लागतात. पंधरा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. मीठ 70 ग्रॅम घालून चव बघा. फोडणी चालत नसेल तर ठेचलेलं आलं शिजतानाच टाका आणि उतरवताना भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. इंद्रायणी चिकट, तासाभरात खिचडीचा गोळा होतो. म्हणून उतरवताना ती तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटली पाहिजे. शिवाय दोन लिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये वेगळं द्या. वाढताना गार पाणी घातलं तर वर पाणी, खाली गोळा.

गिलकी 4 किलो. आकडा मोठा वाटेल, पण शिजून निम्म्याहूनही कमी उरतात. चिरताना प्रत्येकाची एक चकती चाखून थुंका. एक कडू गिलकं सगळं पातेलं वाया घालवतं, आणि कडू निघालं तर ते खायचंही नसतं. पाव किलो भिजवलेली मूगडाळ घालून झाकण ठेवा. वरून पाणी अजिबात नको, गिलकंच भरपूर सोडतं. मीठ भाजी बसल्यावर घाला. भरल्या पातेल्याच्या अंदाजाने आधी घातलं की भाजी खारट होते. गिलकी जून, जाळीदार मिळाली तर सरळ दुधी घ्या.

सार दोन किलो टोमॅटोचं. उकडून, वाटून, गाळून घ्या. साडेतीन लिटर होईल इतकं पाणी, गूळ आणि जिरेपूड. रडून घसा सुकलेल्यांना घास उतरत नाही, वाटीभर सार मात्र पितात. देठाजवळ हिरवे असलेले टोमॅटो टाळा, आंबट होतं.

भाकरी द्यायचीच असेल तर तीस पुरेत. बाजरीचं पीठ त्याच दिवशी दळून आणा, जुनं कडवट लागतं. गरम भाकऱ्या एकमेकींवर रचल्या की घाम धरतात. आधी कापडावर पसरा, वाफ गेली की सुती फडक्यात बांधा.

आणि एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पहिल्या दोन दिवसांत चार घरांतून जेवण येतं आणि उरतं. चौथ्या ते आठव्या दिवसाला कोणी नसतं. उद्याचं दुसऱ्या कोणाकडून जाणार असेल तर तुम्ही मधला दिवस मागून घ्या. तेव्हा माणसं आठ-दहाच असतात, सोबत नागलीची (नाचणीची) पेज न्या. 200 ग्रॅम पीठ आधी गार पाण्यात कालवा (उकळत्यात कोरडं टाकलं की गाठी), अडीच लिटर पाण्यात दहा-बारा मिनिटं शिजवा. ताक पेज कोमट झाल्यावरच घाला, नाहीतर फाटतं.

डाव, मिठाची वाटी, पत्रावळ्या आणि पाण्याचा जार सोबत द्या. त्या घरात कोणाला डाव शोधायला लावू नका. पातेली तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आणा.